लीकच्या वाफ्यावर सावली

सोमवार, ६ मार्च

नगररचना विभागात मी रुजू झाले त्याला एक हिवाळा उलटला. परंतु आजवर माझ्या वाट्याला कुंपणे, दुकानांच्या पाट्या आणि एक कबुतरखाना एवढेच आले होते. आज आमचे मुख्य नियोजक पॅटिसनसाहेब यांनी माझ्या टेबलावर प्रथमच एक खरीखुरी खोली ठेवली.

अर्जदार श्री. कथबर्ट हेस्लॉप, निवृत्त खाणकामगार, कोलियरी रो, घर क्रमांक नऊ. मागच्या परसात एक लहान खोली व संडास बांधण्याची परवानगी हवी आहे. खाणकामगारांच्या घरांची ही जुनी ओळ संरक्षित वस्तीत मोडते. त्यामुळे तेथे मागच्या दारी वीट रचायची झाली तरी आमच्याकडे यावे लागते.

अर्जदार स्वतः खिडकीशी आले होते. टोपी हातात घेऊन म्हणाले, “डोरीनला, म्हणजे आमच्या हिला, इस्पितळातून सोडत नाहीत. जिना चढता येत नाही ना आता. खाली झोपायची सोय दाखवा, मग घरी न्या म्हणतात. नाहीतर त्या किनाऱ्यावरल्या वृद्धाश्रमात पाठवणार. तिथं जाऊन परत आलेलं कुणी बघितलंय का तू, पोरी?”

मी त्यांना नम्रपणे सांगितले की, खोलीत कोण राहणार याचा विचार आम्हाला करता येत नाही. परवानगी माणसाला नसते, जागेला असते. माणसे जातात, बांधकाम राहते.

“जागेला कशाला देता?” ते म्हणाले. “जागा काय जिना चढते?”

मी अर्जावर पोच-शिक्का मारला.

गुरुवार, १६ मार्च

कोलियरी रोवरील दिव्याच्या खांबाला नोटीस बांधून आले. गाठ मारीत असतानाच घर क्रमांक दहाचे श्री. नॉर्मन स्टोबर्ट बाहेर आले आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागले. ते वयाने हेस्लॉप यांच्याइतकेच असावेत, परंतु उंचीने बरेच जास्त.

“आमच्या बाजूला?” त्यांनी विचारले.

मी होकारार्थी मान हलवली. अनोळखी माणसांशी बोलताना माझा आवाज पहिल्या वाक्याला येत नाही.

“खोली कशाला पाहिजे त्याला?”

नोटिशीत हेतू नमूद नसतो, असे मी सांगितले.

“तिला घरी आणतोय की काय?” ते म्हणाले, आणि मी काही बोलण्यापूर्वीच, “मला काय करायचंय,” असे म्हणून आत गेले. थोड्या वेळाने दार पुन्हा किलकिले झाले. “इस्पितळात खिडकीजवळची खाट दिलीय का तिला? की ते पण तुमच्या नोटिशीत नसतं?”

नसते, असे मी सांगितले.

शुक्रवार, १७ मार्च

श्री. स्टोबर्ट यांनी हरकत दाखल केली. कारण: प्रस्तावित खोलीची सावली त्यांच्या लीकच्या वाफ्यावर पडेल.

आमच्या भागात लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली ही जाड दांड्याची भाजी, खाण्यासाठी लावत नाहीत, सप्टेंबरमधल्या स्पर्धेसाठी लावतात. मनगटाएवढ्या दांड्याचा लीक घरात शिजवला तर शेजारी सांत्वनाला येतात. तरीही भाजीवरच्या उजेडाला कायद्यात स्थान नाही, हे हरकतदाराला समजावून सांगणे माझे कर्तव्य होते.

“मग कशावरचा उजेड चालतो तुम्हाला?” त्यांनी विचारले.

मी माहितीपत्रक उघडून दाखवले. शेजाऱ्याच्या राहत्या खोलीच्या खिडकीच्या मध्यापासून पंचेचाळीस अंशांची रेष काढायची. नवे बांधकाम त्या रेषेच्या आत आले तर उजेड अडतो असे मानायचे. मात्र खोली राहती हवी. बसायची किंवा झोपायची. कोठी, न्हाणीघर, जिना यांच्या खिडक्या मोजत नाहीत. त्यांच्या घराची त्या बाजूची एकमेव खिडकी कोळशाच्या कोठीची आहे, हेही मी नकाशावर बोट ठेवून स्पष्ट केले, म्हणजे त्यांना व्यर्थ आशा राहू नये.

“माणूस झोपला की राहती?”

“हो. नियमितपणे झोपत असला पाहिजे.”

त्यांनी माहितीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. इतक्या बारकाईने वाचणारा नागरिक मला प्रथमच भेटला.

बुधवार, २९ मार्च

हरकती वाढल्या. स्पर्धा भरवणाऱ्या लीक मंडळाच्या सभासदांनी एकेक पत्र पाठवले आहे. प्रभागाच्या नगरसेविका श्रीमती बेरिल डॉड्स यांनी प्रकरण समितीपुढे आणावे असे लिहिले. त्याच समितीच्या अध्यक्षाही आहेत. आता निर्णय आमच्या टेबलावर होणार नाही, भर सभेत होईल.

पॅटिसनसाहेबांनी चहा पिताना पूर्वेतिहास सांगितला. “अगं, ते दोघं लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाणीत उतरायचे. जेवणाचा डबासुद्धा एक. मग एका वर्षी हेस्लॉपला स्पर्धेचा परीक्षक केला. त्यानं स्टोबर्टचा लीक मोजला. पांढरा दांडा सहा इंचाच्या वर एक केसभर भरला. बाद!”

“नियम तसाच आहे का?”

“नियम तसाच आहे.”

“मग हेस्लॉप यांचे बरोबरच होते.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “तू या खात्यात फार वर जाशील,” ते म्हणाले. “तेव्हापासून दोघांत शब्द नाही. काय निरोप असेल तो डोरीन कुंपणावरून द्यायची. आता तीच नाही तिथं.”

हे सर्व अर्जाच्या दृष्टीने गैरलागू आहे. येथे केवळ माझ्यासाठी लिहिले.

मंगळवार, ११ एप्रिल

स्थळपाहणी. प्रथम नऊ क्रमांक. परस मोजला. श्री. हेस्लॉप यांनी खडूने जमिनीवर खोली आखून ठेवली होती आणि त्यात एक खुर्ची मांडली होती. “खाट इथं येईल,” ते म्हणाले. “तोंड मागल्या रस्त्याकडं. कोण आलं कोण गेलं ते बघितल्याशिवाय तिचा दिवस जात नाही.”

नंतर दहा क्रमांक. या घराला तळमजल्यावरच संडास व न्हाणीघर आहे. वस्ती संरक्षित होण्याच्या आधी बांधलेले असल्याने निर्दोष. श्री. स्टोबर्ट यांनी मला कोठीचे दार उघडून दिले.

आत खाट होती. गादी, दोन उशा, दिवा, घड्याळ, घडी केलेला पायजमा. भिंती नुकत्याच चुन्याने रंगवलेल्या असूनही कोपऱ्यात कोळशाची भुकटी होती. खाटेखाली लीकच्या रोपांचे ट्रे.

“आपण येथे झोपता?” मी विचारले.

“रोज. तूच म्हणालीस, नियमित पाहिजे.”

“वर शयनगृह आहे ना?”

“आहे की. तिथं कोळसा ठेवलाय.”

त्यांची मान डावीकडे वाकलेली होती. खाट त्यांच्या उंचीच्या मानाने आखूड आहे. मी खिडकीच्या मध्यापासून रेष काढली. प्रस्तावित खोली रेषेच्या बरीच आत येते.

बुधवार, १२ एप्रिल

पॅटिसनसाहेबांना सविस्तर सांगितले.

“सोंग आहे ते,” ते म्हणाले.

“नाही साहेब. मान खरोखर आखडली आहे. आणि घड्याळाला गजर लावलेला होता.”

“म्हणजे खरंच झोपतो?”

“खरंच झोपतात.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. खोली राहती झाली, तर शिफारस बदलणे भाग होते. आज सायंकाळी मी अहवालात ‘मंजूर करावे’ खोडून ‘नामंजूर करावे’ असे लिहिले. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आले.

श्री. हेस्लॉप यांना दूरध्वनीने कळवले. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावले. मग: “कोठीत? हा साडेसहा फुटी बाप्या त्या कोठीत झोपतो? कशापायी?”

“उजेडासाठी.”

“झोपेत?”

मी विषय बदलून त्यांना त्यांचा हक्क सांगितला. समितीपुढे अर्जदाराला आणि हरकतदाराला प्रत्येकी तीन मिनिटे बोलता येते. तीन मिनिटे झाली की घंटा वाजते.

“मी? बोलू? पोरी, आमच्यात बोलायचं खातं डोरीनकडं. मी लग्नात ‘हो’ म्हणालो ते पण तिनं कोपर मारल्यावर.”

ही भीती मला परिचित आहे. शाळेत पहिला क्रमांक येऊनही बक्षीस घ्यायला मंचावर जावे लागेल म्हणून मी दोनदा आजारी पडले होते. त्यामुळे मी त्यांना माझा स्वतःचा उपाय सांगितला: घरातल्या एखाद्या भिंतीसमोर उभे राहावे, भिंत म्हणजे सभा आहे असे समजावे, आणि पाठ होईपर्यंत रोज मोठ्याने म्हणावे.

“मागली भिंत घेतो,” ते म्हणाले. “खोली तिकडंच व्हायची आहे.”

सोमवार, २४ एप्रिल

आज समितीची स्थळपाहणी. प्रथेप्रमाणे सर्व नगरसेवक छोट्या बसने आले, परसात उभे राहिले आणि काहीही बोलले नाहीत. पाहणीच्या वेळी कोणाशी बोलल्यास पक्षपात ठरतो. अकरा माणसे खडूच्या चौकोनाभोवती गंभीर मुद्रेने उभी राहून रिकाम्या खुर्चीकडे पाहत होती. एका सद्गृहस्थाने नकळत टोपी काढली. श्रीमती डॉड्स यांनी त्यांना कोपराने ढोसल्यावर पुन्हा घातली.

श्री. स्टोबर्ट दारात उभे होते. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“झोप होत नाही,” त्यांनी मला हळूच सांगितले. “भिंतीपलीकडं बडबड चालते. रोज तेच ते. एकाच ठिकाणी अडतो न् पुन्हा पहिल्यापासून सुरू.”

आवाजाची तक्रार आरोग्य विभागाकडे करावी लागते, असे मी सुचवले.

“तक्रार कोण करतंय?” ते एकदम उसळले. “सांगितलं फक्त.” मग आवाज खाली आणून: “खोकतो फार तो. औषध घेतो का विचार जरा. मी विचारलं म्हणून सांगू नको.”

हरकतदाराचा निरोप अर्जदाराकडे नेणे माझ्या अधिकारात बसत नाही. नेला नाही.

सोमवार, ८ मे

गुरुवारी सभा आहे. गुरुवारी आपला दात दुखणार आहे, असे पॅटिसनसाहेबांनी आजच सांगितले. प्रकरण मला मांडावे लागेल.

“साहेब, लीक मंडळात आपल्या ओळखीचे कोणी आहे का?” मी सहज विचारले.

“सासरे,” साहेब म्हणाले. “पण दाताचा त्याच्याशी संबंध नाही.”

रात्री मीही भिंतीसमोर उभी राहिले. माझ्या भिंतीपलीकडे जिना असल्यामुळे कोणाला त्रास होत नाही.

गुरुवार, ११ मे

आजचे शक्य तितके क्रमाने लिहिते.

सभागृह भरले होते. लीक मंडळ डावीकडे, टोप्या मांडीवर. मी प्रकरण मांडले. अध्यक्षा श्रीमती डॉड्स दोनदा म्हणाल्या, “ध्वनिक्षेपकात बोल गं बाळ, तो चावत नाही.” नियमानुसार नामंजूर करावे, हे वाक्य मी म्हटले तेव्हा श्री. हेस्लॉप माझ्याकडे पाहत नव्हते. हातातल्या टोपीची कड फिरवत होते.

मग त्यांचे नाव पुकारले गेले. ते उठले, टेबलाशी आले आणि म्हणाले, “माझं नाव कथबर्ट हेस्लॉप.”

त्यापुढे काही आले नाही. त्यांचे ओठ हलत होते. सगळे सभागृह त्या ओठांकडे पाहत होते. कोणीतरी पाण्याचा पेला सरकवला. ते पाणी प्यायले, पुन्हा म्हणाले, “माझं नाव कथबर्ट हेस्लॉप,” आणि पुन्हा थांबले. समोर भिंत नव्हती, माणसे होती. माझ्या उपायातली ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती. तीन मिनिटे ते उभे राहिले. घंटा वाजली. ते जागेवर जाऊन बसले. मला वाटले, प्रकरण संपले.

हरकतदार म्हणून श्री. स्टोबर्ट उठले. टेबलाशी आले, चष्मा लावला, काढला आणि समोर पाहत म्हणाले:

“माझं नाव कथबर्ट हेस्लॉप.”

अध्यक्षा म्हणाल्या, “नॉर्मन, तुझं नाव—”

“मधे बोलू नका, बाई. मधे बोललं की तो पहिल्यापासून सुरू करतो.” आणि ते पुढे म्हणू लागले, संथपणे, एकाही शब्दावर न अडखळता. “मी जन्मभर जमिनीखाली काम केलं. मला बोलायची सवय नाही. आमच्यात बोलते ती डोरीन. इथं तो पाणी पितो.” ते पाणी प्यायले. “ती गेले दोन महिने घरी नाही. घरात घड्याळ एवढं मोठ्यानं वाजतं हे मला माहीत नव्हतं. मी रोज दोन कप चहा करतो न् एक ओतून देतो. सवय जात नाही. खोली लहान आहे. मोठी नको. खाट, खिडकी न् एक खुर्ची, माझ्यासाठी. तिला किनाऱ्यावर पाठवलं तर दोन बसा बदलून जाता येईल, पण मी तिथनं रोज परत कसा येऊ, ते मला समजत नाही. इथं तो खोकतो. ते मी करत नाही.”

लीक मंडळातून कोणीतरी नाक शिंकरले.

“शेजारच्या नॉर्मन स्टोबर्टची हरकत आहे,” श्री. स्टोबर्ट पुढे म्हणाले. “त्याचं मी मनावर घेत नाही. तो गाढव आहे. हे वाक्य तो कधी म्हणतो, कधी गाळतो. मी धरलंय. गाढव आहे, पण त्या वर्षीचा त्याचा लीक मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यात देखणा लीक होता, आणि पट्टी लावताना माझा हात थरथरला होता. इथं तो अडतो.” ते थांबले. “पुढचं मी ऐकलेलं नाही.”

घंटा वाजली.

टिपणे घेणाऱ्या लिपिकेचे पेन थांबले. तिने मान वर करून विचारले, “हे हरकत म्हणून नोंदवू की पाठिंबा म्हणून?”

“हरकतच,” श्री. स्टोबर्ट म्हणाले. “हे त्याचं भाषण होतं. माझं राहिलं. वेळ आहे का?”

“संपली,” अध्यक्षा म्हणाल्या. “नॉर्मन, तू खरंच त्या कोठीत झोपतोस?”

“नाहीतर हे पाठ कसं झालं असतं?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. खोली राहती असल्याचा याहून सबळ पुरावा मी अहवालात देऊ शकले नव्हते. आता नामंजुरी अटळ आहे असे मला वाटले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका नगरसेवकाने विचारले, “मिस्टर स्टोबर्ट, खोली बांधली तर तिथला उजेड कमी होणार. तुम्हाला चालेल?”

“मी तिथं झोपतो,” श्री. स्टोबर्ट म्हणाले. “झोपायला उजेड कशाला लागतो?”

“म्हणजे तुमची अडचण होणार नाही?”

“माझी नाही. लीकची. लीकचं तुम्ही धरत नाही, असं ही पोरगी म्हणते.”

सगळ्या समितीने माझ्याकडे पाहिले. मी ध्वनिक्षेपकात, बहुधा फारच मोठ्याने, म्हणाले, “धरत नाही.”

मग मला विचारण्यात आले की, खोली राहती असली तरी तिथे राहणाराच उजेडाची गरज नाही असे सांगत असेल, तर हानी गंभीर मानावी की सौम्य? मी म्हणाले की, तो निर्णय समितीच्या विवेकाधीन आहे. नियमावलीत हे वाक्य आहे. ते इतके उपयोगी पडेल असे मला कधी वाटले नव्हते.

मंजुरीच्या बाजूने सर्व हात वर गेले. लीक मंडळातल्या एकाने समितीचा सभासद नसतानाही हात वर केला.

श्री. स्टोबर्ट यांनी त्या एका उत्तराने आपल्याच हरकतीचा पाया काढून घेतला, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. ऐन वेळी माणूस गोंधळतो. बाहेर पडताना श्री. हेस्लॉप दाराशी त्यांच्यासमोर आले. श्री. स्टोबर्ट यांनी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांची पुडी काढली, त्यांच्या टोपीत टाकली आणि निघून गेले.

शुक्रवार, १२ मे

सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वीच श्री. स्टोबर्ट खिडकीशी उभे होते. हरकतदाराला अपिलाचा अधिकार नसतो, हे मी खेदाने सांगू लागले.

“ते राहू दे. एक विचारायचंय. माझ्या त्या कोठीत दुसरं कुणी झोपलं, तर परवानगी लागते का?”

“नाही. शयनगृह ते शयनगृहच. आपली परवानगी माणसाला नसते—”

“जागेला असते. माहीत आहे.” त्यांनी मानेवरून हात फिरवला. “संडास खालीच आहे. पायरी एक आहे, ती मी काढतो. त्याची खोली व्हायला उन्हाळा जाईल. इस्पितळवाले काय, कुणाच्या नावावरचं घर ते बघत नाहीत ना?”

ते आमच्या विभागाकडे नाही, असे मी सांगितले.

“बरं झालं,” ते म्हणाले. “तुमच्याकडं असतं तर नोटीस लावली असती.”

बुधवार, १४ जून

विटांचा नमुना तपासण्यासाठी कोलियरी रोवर गेले. परवानगीतील अट अशी की नव्या विटा जुन्यांशी जुळल्या पाहिजेत. पाया खणायला सुरुवात झाली होती. दोन्ही परसांमधले कुंपण मधोमध उघडलेले होते. तसे करण्यास परवानगी लागत नाही.

पायाच्या दोरीच्या दोन टोकांना श्री. हेस्लॉप आणि श्री. स्टोबर्ट उभे होते आणि भांडत होते.

“वाकडी आहे!”

“डोळे वाकडे आहेत तुझे!”

“पट्टी आण!”

“तुझ्या हातात पट्टी? जन्मात देणार नाही!”

प्रकरण हातघाईवर येणार असे वाटून मी मध्ये पडण्यासाठी पुढे झाले. त्याच क्षणी दहा क्रमांकाच्या कोठीच्या खिडकीवर कोणीतरी बोटांनी टकटक केले. आत, उशांना टेकून, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. नियमानुसार पाहता, ज्यांचा उजेड आता कमी होणार आहे त्या रहिवासी म्हणजे स्वतः श्रीमती डोरीन हेस्लॉप. त्यांची हरकत अद्याप आलेली नाही.

मी खिडकीशी जाऊन माझी ओळख करून दिली आणि शेजाऱ्यांमधील वाद मिटवण्यासाठी काही करावे का, असे विचारले.

“खबरदार,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षांनी बोलताहेत ते. बाजूला हो बाळ, मला दिसत नाही.”

मी बाजूला झाले.